सुधारलेला अर्ज पुन्हा का बिघडतो? स्क्रीन रीडरवर वारंवार येणाऱ्या तक्रारीचे निवारण

पतसंस्था, ग्रंथालये, गृहनिर्माण संस्था आणि छोट्या शाळा यांच्या मराठी संकेतस्थळांबाबत एक तक्रार काही महिन्यांनी हमखास परत येते. दृष्टिहीन सभासद स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, लावून ऑनलाइन अर्ज उघडतो, त्याला रकाने सापडतात, पण कोणत्या रकान्यात काय भरायचे हे त्याला कळत नाही. संकेतस्थळ सांभाळणारी व्यक्ती दुरुस्ती करते, सभासद अर्ज भरतो, तक्रार बंद होते आणि काही महिन्यांनी त्याच सभासदाचा फोन येतो: "मॅडम, परत तेच झालंय. नुसतं एडिट-एडिट म्हणतोय. मोबाइल नंबर कुठे टाकायचा तेच समजत नाही." मुंबईतील एका पतसंस्थेच्या संकेतस्थळाची देखभाल माझ्याकडे आहे आणि या तक्रारीचा पाठपुरावा करताना माझे मत पक्के झाले आहे की, ती परत येते याला सभासदाचे यंत्र किंवा त्याचे सॉफ्टवेअर जबाबदार नसते. बिघाड ज्या पानावर दिसतो त्या पानावर आपण तो दुरुस्त करतो. तो तयार होतो ती जागा मात्र वेगळी असते आणि ती तशीच राहते.

म्हणून पहिले काम म्हणजे सभासदाला जे ऐकू येते ते स्वतः ऐकणे. त्यासाठी खर्च नाही. विंडोजवर चालणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो आणि त्यासोबत येणाऱ्या ईस्पीक आवाजात मराठी आहे. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतोच, आणि आपले बहुतेक सभासद फोनच वापरत असल्यामुळे दोन्हींवर ऐकणे आवश्यक आहे. संगणकावर मॉनिटर बंद करावा, माऊस बाजूला ठेवावा आणि केवळ टॅबची कळ दाबत अर्जाच्या सुरुवातीपासून 'पाठवा' या बटनापर्यंत जावे. कर्जमागणीच्या एका अर्जावर असे केल्यावर जे ऐकू आले ते क्रमाने असे: "एडिट, ब्लँक." "एडिट, ब्लँक." "एडिट, ब्लँक." ("एडिट" म्हणजे लिहिण्याचा रकाना, "ब्लँक" म्हणजे रिकामा.) नंतर शाखा निवडण्याचा रकाना यायला हवा होता, टॅबने तो ओलांडून थेट पुढे उडी मारली. मग "चेकबॉक्स, नॉट चेक्ड" आणि शेवटी "बटन". कशाला संमती द्यायची आणि कोणते बटन दाबायचे, हे त्यात कुठेही नाही. पडद्यावर मात्र प्रत्येक रकान्याशेजारी ठळक अक्षरांत नाव दिसत होते.

येथे संकेतस्थळ बनवणारे अनेक विकासक फसतात, कारण ते बाणाच्या कळीने पान वाचून पाहतात. बाणाची कळ दाबली की एनव्हीडीए पानावरचा सगळा मजकूर ओळीने वाचतो, त्यात "मोबाइल क्रमांक" हे शब्दही येतात आणि सगळे सुरळीत आहे असे वाटते. अर्ज भरणारा माणूस मात्र टॅबने एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातो, आणि त्या वेळी रकान्याला जोडलेले नाव असेल तेवढेच उच्चारले जाते. टॉकबॅकवर बोट उजवीकडे सरकवत गेल्यास नाव आणि रकाना लागोपाठ ऐकू येतात, तेही पानाची मांडणी साधी असेल तरच. सगळी नावे एका स्तंभात आणि सगळे रकाने दुसऱ्या स्तंभात असतील, तर आधी पाच नावे आणि नंतर पाच निनावी रकाने ऐकावे लागतात. कोणते नाव कोणत्या रकान्याचे हे लक्षात ठेवण्याचे ओझे सभासदावर पडते.

याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. रकान्याचे नाव एचटीएमएलमधील, म्हणजे पान ज्या संकेतभाषेत लिहिले जाते तिच्यातील, 'लेबल' या घटकात लिहिलेले नसते. ते नुसता ठळक मजकूर म्हणून शेजारी ठेवलेले असते. लेबल असले तरी त्याच्या 'फॉर' या गुणधर्मातील किंमत आणि रकान्याची 'आयडी', म्हणजे कोडमधील त्याचे ओळखनाम, अक्षरशः जुळावी लागते. अर्जाची प्रत काढून नवा अर्ज तयार करताना आयडी बदलते आणि लेबल जुन्याच आयडीकडे बोट दाखवत राहते. आपल्या लोकलच्या फलाटांवर दिव्यांगांच्या डब्याची जागा कळावी म्हणून बीपर वाजतो. गाडीची लांबी बदलून डबा पुढे थांबू लागला आणि बीपर जुन्याच खांबावर राहिला, तर प्रवाशाची जी अवस्था होईल तीच येथे सभासदाची होते. डोळ्यांनी पाहणाऱ्याला हा दोष कधीच दिसत नाही. तपासण्याची सोपी रीत अशी की, रकान्याच्या नावावर माऊसने क्लिक करावे; कर्सर रकान्यात गेला तर जोडणी ठीक आहे, न गेल्यास ती तुटलेली आहे.

रकान्याच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेली सूचना, म्हणजे प्लेसहोल्डर, लेबलची जागा घेऊ शकत नाही. लेबल नसेल तर ब्राउझर नाइलाजाने तीच सूचना नाव म्हणून पुढे करतो, पण तेथे "उदा. ९८" असे लिहिलेले असेल तर सभासदाला "उदा. ९८" एवढेच ऐकू येते. शिवाय पडदा मोठा करून वाचणाऱ्या अल्पदृष्टी सभासदाने पहिले अक्षर टंकताच ती सूचना नाहीशी होते आणि आपण काय भरत होतो हे त्याला रकाना रिकामा करून पाहावे लागते. शाखेचा जो रकाना टॅबने ओलांडला, तो दिसायला यादीसारखा होता, पण प्रत्यक्षात साध्या डिव्हवर, म्हणजे स्वतःचे काही काम नसलेल्या चौकटीवर, माऊसची क्लिक बसवून केलेला होता. एचटीएमएलमधील साधा 'सिलेक्ट' घटक वापरला की कळफलक, टॉकबॅक आणि बाकीचे सगळे काही न करता चालते. सजावटीसाठी तो टाळणे हा सौदा मला कधीच पटलेला नाही.

आता ही दुरुस्ती टिकत का नाही, हा खरा प्रश्न आहे. वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीवर अर्ज सहसा थीम (संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या फाइली) आणि फॉर्म प्लगिन (अर्ज बनवणारे जोड-सॉफ्टवेअर) यांचा मिळून तयार होतो. विकासक घाईत थीमच्या मूळ फाइलमध्ये लेबल जोडतो आणि पुढचे अपडेट आले की ती फाइल नव्याने लिहिली जाते; दुरुस्ती जाते आणि ती गेल्याचे कोणाला कळतही नाही, कारण पान पूर्वीसारखेच दिसते. बदल चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमला न छेडता आपले बदल वेगळे ठेवणाऱ्या उपथीममध्ये, केला तर तो अपडेटनंतरही राहतो. प्लगिनच्या बाबतीत दोष कार्यालयातून परत येतो. कर्मचारी नवा अर्ज बनवताना पान सुटसुटीत दिसावे म्हणून 'लेबल लपवा' हा पर्याय निवडतो आणि काही प्लगिन अशा वेळी लेबल पानातूनच काढून टाकतात. नाव डोळ्यांना दिसू नये पण स्क्रीन रीडरला मिळावे, अशी खरोखर गरज असेल तर वर्डप्रेसमध्ये त्यासाठी 'स्क्रीन-रीडर-टेक्स्ट' हा वर्ग (घटकाला कोडमध्ये द्यायचे 'क्लास' नाव) रूढ आहे. पण माझे म्हणणे असे की नाव दिसू द्यावे. ते सगळ्यांच्याच उपयोगाचे असते.

दुसरा बिघाड मराठी संकेतस्थळांना विशेष छळतो आणि त्याची चर्चा फारच कमी होते. पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये 'लँग' हा गुणधर्म असतो आणि मराठी पानावर त्याची किंमत 'एमआर' असायला हवी. ती 'ईएन-यूएस' राहिली तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हाती देतो. तो आवाज, यंत्रावर कोणता बसवला आहे त्यानुसार, कधी एकेका अक्षराचे नाव उच्चारतो, तर कधी देवनागरी पूर्ण गाळून पुढे जातो. ठेवींच्या व्याजदरांचे पान अशा स्थितीत ऐकले तर इंग्रजी अंकांत लिहिलेले आकडे तेवढे ऐकू येतात; कोणता दर किती मुदतीसाठी आणि ज्येष्ठ नागरिकांना वेगळा दर आहे का, याचा पत्ता लागत नाही. वेब सुगमतेच्या, म्हणजे दिव्यांगांनाही संकेतस्थळ वापरता येण्याच्या, डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत पानाची भाषा सांगणे ही सर्वांत प्राथमिक पातळीची अट आहे, आणि पानाच्या आत दुसऱ्या भाषेतील उतारा असेल तर त्याची भाषा वेगळी सांगणे ही त्यापुढच्या पातळीची.

ही भाषा एकदा ठीक केल्यावर परत इंग्रजी कशी होते, याचे उत्तर शोधताना मला बराच वेळ लागला. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जच्या जनरल पानावर साइटची भाषा निवडता येते. ती मराठी केली की संकेतस्थळाची भाषा मराठी जाहीर होते, पण त्याबरोबर व्यवस्थापनाचा डॅशबोर्डही मराठी होतो. ज्या कर्मचाऱ्याला डॅशबोर्ड इंग्रजीत वापरण्याची सवय आहे तो काही दिवसांनी तीच सेटिंग बदलून इंग्रजी करतो. त्याला डॅशबोर्ड बदललेला दिसतो. बाहेरच्या प्रत्येक पानाची भाषा बदलली हे त्याला दिसण्याचा काही मार्गच नसतो. यावर उपाय सोपा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या ४.७ या आवृत्तीपासून प्रत्येक वापरकर्त्याला आपल्या प्रोफाइलमध्ये डॅशबोर्डची भाषा स्वतंत्रपणे निवडता येते. साइटची भाषा मराठी ठेवावी, इंग्रजी हवी असलेल्या कर्मचाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये ती बसवून द्यावी आणि साइटची सेटिंग बदलण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवावा. थीम बनवणाऱ्याने भाषा फाइलमध्ये थेट लिहून टाकली असेल, तर मात्र सेटिंग बदलून काही होणार नाही. तेथेही चाइल्ड थीमच लागेल.

हा दोष स्वयंचलित तपासणीत सापडत नाही, हे आवर्जून सांगायला हवे. लाइटहाउस, ॲक्स किंवा वेव्ह यांसारखी साधने भाषा सांगितली आहे का आणि सांगितलेली किंमत वैध आहे का, हे पाहतात. इंग्रजी ही वैध किंमत आहे. त्यामुळे सभासदाला एकही वाक्य ऐकू न येणारे पान १०० पैकी १०० गुण मिळवू शकते. साधने निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. नसलेले लेबल, चित्राला नसलेला पर्यायी मजकूर (चित्राचे शब्दांतले वर्णन) आणि अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या रंगांतील अपुरा फरक ती चटकन पकडतात, आणि हेच दोष सर्वांत जास्त आढळतात. वेबएम या अमेरिकी संस्थेने २०२५ साली दहा लाख मुखपृष्ठे तपासली तेव्हा त्यांपैकी ९४.८ टक्के पृष्ठांवर यंत्राला सापडणारा किमान एक दोष होता, आणि सर्वांत जास्त आढळलेला दोष फिकट अक्षरांचा होता. नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतील फरक किमान ४.५ : १ असावा, एवढे ठरवून रंग निवडले की हा मुद्दा संपतो.

तक्रार ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येत असेल, तर तिचे कारण बहुधा सभेच्या सूचनेत असते. सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. अहवाल छापखान्यातून येतो, छापखान्यातले अक्षरजुळणीचे काम अजूनही अनेक ठिकाणी जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये चालते, आणि तीच पीडीएफ घाईने संकेतस्थळावर चढवली जाते. या फाँटमध्ये संगणकाच्या दृष्टीने रोमन अक्षरे व चिन्हे साठवलेली असतात आणि फाँट त्यांना केवळ देवनागरीचे रूप देतो. स्क्रीन रीडरला रूप दिसत नाही, साठवलेली चिन्हेच मिळतात. त्यामुळे सभेची तारीख आणि ठिकाण अर्थहीन अक्षरांच्या गर्दीत हरवते. पीडीएफमधील एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावी. ती मराठीत उमटली नाही तर फाइल या प्रकारची आहे. काहीच कॉपी झाले नाही तर ते स्कॅन केलेले चित्र आहे आणि त्यात स्क्रीन रीडरला वाचण्यासारखे काहीच नाही.

यावर लोक परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणतात. ते योग्यच आहे, पण रफार आणि जोडाक्षरे यांत चुका राहतात, म्हणून मुद्रितशोधन टाळू नये. वर्डमधून पीडीएफ काढताना 'प्रिंट' ऐवजी 'सेव्ह ॲज' वापरावे आणि सुगमतेसाठीचे टॅग समाविष्ट करण्याचा पर्याय चालू आहे का ते पाहावे, कारण प्रिंटच्या मार्गाने शीर्षके व तक्ते यांची रचना नाहीशी होते. एवढे करूनही देवनागरी पीडीएफमधून मजकूर नेहमी नीट बाहेर येत नाही. वेलांट्या जागा बदलतात, जोडाक्षरे फुटतात. त्यामुळे माझा आग्रह असा की सूचना, विषयपत्रिका आणि व्याजदर साध्या वेब पानावर मजकूर म्हणून द्यावेत आणि पीडीएफ छपाईपुरती सोबत ठेवावी. छापखान्याला काम देतानाच मूळ मजकूर युनिकोडमध्ये परत मागितला, तर दर वर्षीचा परिवर्तनाचा खटाटोपही वाचतो. व्हॉट्सॲपसाठी बनवलेले सूचनेचे चित्र पानावर टाकायचेच असेल, तर त्यातला संपूर्ण मजकूर खाली लिहावा. पर्यायी मजकुरात "सूचना" असा एक शब्द लिहिल्याने साधन समाधानी होते, सभासदाला तारीख कळत नाही.

अर्जाच्या शेवटच्या टप्प्यावर आणखी काही अडथळे असतात. वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा दृष्टिहीन सभासद ओलांडूच शकत नाही; मोबाइलवर ओटीपी पाठवत असाल तर त्याच्या जोडीला कॅप्चाची गरज क्वचितच उरते. ओटीपीसाठी सहा वेगळ्या चौकटी करू नयेत. एकच रकाना ठेवावा, त्याला नाव द्यावे आणि ओटीपी आपोआप भरला जाण्याची सोय चालू ठेवावी. मुदत संपण्यापूर्वी ती वाढवण्याची संधी द्यावी किंवा नवा ओटीपी मागवल्यावर आधी भरलेली माहिती पुसली जाणार नाही याची काळजी घ्यावी. हाताला कंप असलेल्या सभासदालाही याचा तितकाच उपयोग होतो. चूक झालेला रकाना केवळ लाल करून भागत नाही. "मोबाइल क्रमांक दहा अंकी हवा" असे वाक्य त्या रकान्याशी जोडावे आणि अर्ज परत आल्यावर कर्सर पहिल्या चुकलेल्या रकान्यात न्यावा.

ओळख पडताळणीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगणारी प्रणाली विकत घेणाऱ्या संस्थांनी सर्वोच्च न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५ चा निकाल वाचावा. आम्लहल्ल्यामुळे डोळे मिचकवता न येणाऱ्या व्यक्ती आणि एक दृष्टिहीन याचिकाकर्ता यांच्या याचिकांवर निर्णय देताना न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आणि केवायसी प्रक्रिया सुगम करण्याबाबत निर्देश दिले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि सेवा पुरवणारी संस्था सरकारी असो वा खासगी, सुगमतेच्या नियमांप्रमाणे सेवा देणे त्यात अपेक्षित आहे. कार्यकारी मंडळाला खर्चाचे कारण पटवताना हे सांगावे लागते. तरीही सभासद आपल्या हाताने अर्ज भरू शकतो की नाही, हाच मुद्दा आधी मांडावा असे मला वाटते. कर्जाची रक्कम आणि कारण शेजारच्या मुलाला सांगून त्याच्याकडून अर्ज भरून घ्यावा लागणे हे सभासदाच्या खासगीपणाला धरून नाही.

पानाच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचे चिन्ह दाखवणारी आणि एका ओळीच्या कोडमध्ये सगळे सुगम करून देण्याचा दावा करणारी साधने वारंवार विकली जातात. ती घेऊ नयेत. लेबल नसलेल्या रकान्याचे नाव काय असावे हे बाहेरच्या साधनाला अंदाजानेच ठरवावे लागते, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्याकडे अक्षरे मोठी करण्याची किंवा मजकूर वाचून घेण्याची सोय आधीपासूनच असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ साली अशा एका कंपनीला तिच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल दहा लाख डॉलर भरायला लावले. तोच पैसा फॉर्म नीट बांधण्यावर आणि दिव्यांग व्यक्तींकडून मोबदला देऊन चाचणी करून घेण्यावर खर्चावा. मुंबईत यासाठी माणसे शोधायला दूर जावे लागत नाही. वरळीची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड १९५२ पासून, तर सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिहीनांसाठीचे संसाधन केंद्र २००३ पासून काम करत आहे, आणि स्क्रीन रीडर रोज वापरणारे आपले सभासद तर आहेतच.

विकासकाशी करार करताना "संकेतस्थळ सुगम असावे" असे मोघम वाक्य लिहून काही साधत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १७८०२ या मानकाचा उल्लेख करावा, आणि त्याखाली प्रत्यक्ष तपासता येईल अशी अट घालावी: प्रत्येक अर्ज माऊसशिवाय, एनव्हीडीए आणि टॉकबॅक या दोन्हींवर, सुरुवातीपासून पोचपावतीपर्यंत भरता आला पाहिजे आणि प्रत्येक अपडेटनंतर ही चाचणी पुन्हा झाली पाहिजे. ही फेरतपासणी वाटते तितकी वेळखाऊ नाही. एनव्हीडीएच्या साधनांमध्ये स्पीच व्ह्यूअर नावाची खिडकी आहे आणि एनव्हीडीए जे उच्चारतो ते सगळे तिच्यात मजकूर म्हणून उमटते. अर्ज नीट चालत असताना टॅबने एक फेरी मारून तो मजकूर जपून ठेवावा; अपडेट झाल्यावर पुन्हा फेरी मारून दोन्ही मजकूर शेजारी ठेवावेत. "मोबाइल क्रमांक, एडिट, रिक्वायर्ड" होते तेथे "एडिट, ब्लँक" आले, तर बिघाड सभासदाच्या फोनची वाट न पाहता त्याच दिवशी हाती लागतो.

तरीही फोन आला, तर घेणाऱ्याने "आमच्याकडे तर व्यवस्थित दिसतंय" असे सांगू नये. संगणक की मोबाइल, कोणता स्क्रीन रीडर, कोणता ब्राउझर, कोणत्या रकान्यापर्यंत पोहोचलात आणि तेथे नेमके काय ऐकू आले, एवढे विचारून उत्तर सभासदाच्या शब्दांत लिहून घ्यावे. त्याच नोंदीत पुढे दोष थीममध्ये सापडला, प्लगिनमध्ये, सेटिंगमध्ये की छापखान्याच्या फाइलमध्ये, हे विकासकाने लिहावे आणि दुरुस्ती तेथे केल्याचे नमूद करावे. तक्रार बंद झाल्याची सही मात्र विकासकाने करू नये. सभासदाने आपल्याच फोनवरून अर्ज पाठवून पोचपावतीचा क्रमांक सांगितल्यानंतर शाखेतील कर्मचाऱ्याने ती करावी.